विनावेतन अधिकार

ज्याने कामाबद्दल एक पैही घेतलेली नाही त्याला त्या कामाचा जाब विचारण्याचा अधिकार कोणाला पोहोचतो काय? प्रश्न वरवर सोपा दिसतो, आणि बहुतेक सभ्य माणसे त्याचे उत्तर मनातल्या मनात नकारार्थी देऊन मोकळी होतात. पगारी नोकराचा हिशेब सरळ आहे. त्याने वेतन घेतले, त्याचे काम द्यावे. परंतु संध्याकाळी कचेरीतून दमून आल्यावर हातातला चहाचा पेला तसाच ठेवून एखाद्या लहानशा बालशाळेच्या कार्यकारी मंडळाच्या सभेला धावणाऱ्या, आणि तेथे रात्री नऊपर्यंत छपराच्या गळतीवर खल करणाऱ्या गृहस्थाला “तुम्ही हे काम नीट केले नाही” असे तोंडावर सांगण्यास जीभ रेटत नाही. त्याने केले तेवढे उपकारच, असे आपण म्हणतो. माझ्या मते अशा संस्थांच्या पुष्कळशा दुखण्यांचे मूळ या एका भावनेत आहे. परमुलखात बदलीच्या नोकरीवर असलेल्या आपल्यासारख्यांना तर हे दुखणे विशेष परिचयाचे असावयास हवे, कारण गावात नवा साहेब आला की महिन्याभरात त्याला कोणत्या ना कोणत्या मंडळावर घेतले जातेच.

कायद्याने या उपकाराच्या भावनेला फारसा थारा दिलेला नाही, हे प्रथम पाहण्यासारखे आहे. भारतीय न्यास अधिनियम १८८२ सालचा. तो खाजगी न्यासांपुरता आहे हे खरे. पण विश्वस्त या कल्पनेचा जो गाभा त्यात मांडला आहे तो सार्वजनिक कामालाही तितकाच लागू पडण्यासारखा आहे. त्याच्या पंधराव्या कलमाप्रमाणे सामान्य शहाणपणाचा मनुष्य स्वतःच्या मालमत्तेची जेवढी काळजी घेईल तेवढी विश्वस्ताने न्यासाच्या मालमत्तेची घेतली पाहिजे. आणि पन्नासाव्या कलमाप्रमाणे, न्यासपत्रात तसे स्पष्ट म्हटले नसेल तर, आपल्या श्रमाबद्दल, कौशल्याबद्दल व मोडलेल्या वेळेबद्दल मोबदला मागण्याचा त्याला हक्क नाही. ही दोन कलमे शेजारी ठेवून वाचली म्हणजे मौज वाटते. मोबदला नाही म्हणून काळजीत सूट, असे कायदा कोठेही म्हणत नाही. उलट, जेथे मोबदला नाही असे त्याने गृहीत धरले आहे तेथेच काळजीचे माप पुरे भरून मागितले आहे.

मग ही सूट आपण कोठून काढली? मला वाटते, विनावेतन काम करणारा माणूस खरोखर विनामोबदला काम करीत असतो ही समजूतच तपासून घेतली पाहिजे. सभेत आपला शब्द ऐकला जातो, स्नेहसंमेलनात पहिल्या रांगेत खुर्ची मिळते, शिक्षिका आपल्याला पाहून उठून उभ्या राहतात, आणि घरी परतताना आपण काही चांगले करीत आहोत अशी एक ऊब मनाला मिळते. हे सारे वाईट आहे असे नव्हे. माणसाने चांगले काम करून थोडे सुख मिळविले तर त्यात लाजण्यासारखे काय आहे? मात्र ते सुख हा मोबदलाच होय, आणि तो घेतला की हिशेब देणे आले, एवढे मान्य करावयास हवे.

हा प्रश्न मॉन्टेसरी पद्धतीच्या लहान स्वतंत्र शाळेच्या बाबतीत जितका तीव्र होतो तितका क्वचितच अन्यत्र होत असेल. मोठ्या शाळेवर बाहेरचे डोळे पुष्कळ असतात. शालान्त परीक्षेचा निकाल असतो, तपासनीस असतो, अनुदान बंद होण्याची धास्ती असते. तीन ते सहा वर्षांच्या तीसचाळीस मुलांच्या बालघराला परीक्षाच नाही. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीनचतुर्थांश पालक असावेत असा दंडक घातला, पण विनाअनुदान खाजगी शाळा त्यातून वगळल्या. नावाचे संरक्षण म्हणावे तर तेही नाही. १९६७ साली अमेरिकेच्या पेटंट कचेरीतील व्यापारचिन्हविषयक अपील मंडळाने, ‘मॉन्टेसरी’ हा शब्द वर्णनपर व सर्वसामान्य झालेला असल्याने तो कोणा एका संस्थेची मिरास होऊ शकत नाही, असा निवाडा दिला. आणि आपल्याकडे तर निवाड्याचीही वाट कोणी पाहिली नाही. भिंतीवर दोन ससे रंगविले आणि दारात घसरगुंडी बसविली की ‘मॉन्टेसरी’ची पाटी लागते. तेव्हा त्या पाटीमागे खरोखर काय चालले आहे हे पाहणारे जगात कोणी असतील तर ते महिन्यातून एकदा सतरंजीवर बसणारे पाचसात लोक. त्यांच्या सभेला चहा वेळेवर येतो, गणसंख्या मात्र येत नाही, हा भाग वेगळा. नोंदणीच्या १८६० च्या मूळ कायद्याने या लोकांची नावे, पत्ते व व्यवसाय दरवर्षी निबंधकाकडे कळवावयास सांगितले आहे. पोटासाठी ते काय करतात हे सरकारला कळते. मुलांविषयी त्यांना काय कळते हे विचारण्याची सोय त्या तक्त्यात नाही.

या पद्धतीचा जन्मच एका मंडळाच्या सावलीत झाला हे फारसे लक्षात घेतले जात नाही. ६ जानेवारी १९०७ रोजी रोम शहरातील सान लोरेन्झो या गरीब वस्तीत पहिले बालगृह उघडले, ते कोणा शिक्षणसंस्थेने नव्हे तर घरे दुरुस्त करून भाड्याने देणाऱ्या एका कंपनीने. आईबाप दिवसभर कामावर जात, आणि मागे राहिलेली पोरे जिने व भिंती खराब करीत. तेव्हा त्या पोरांना एका खोलीत गोळा करावे आणि दुरुस्तीचा खर्च वाचवावा, असा कंपनीचे प्रमुख एदुआर्दो तालामो यांचा व्यवहारी विचार होता. त्या खोलीवर देखरेख करण्यासाठी त्यांनी डॉ. मारिया मॉन्टेसरी यांना बोलाविले. भिंतीवर नियम टांगले होते: मुले स्वच्छ करून पाठवावी, आईने आठवड्यातून एकदा शिक्षिकेशी बोलावे. शिक्षिकेने त्याच इमारतीत राहावे अशी व्यवस्था होती. वाचलेल्या खर्चातून शाळा चालते, म्हणजे ती आईबापांच्या सामाईक मालकीचीच झाली, असे बाईंनी त्याच वर्षी मोठ्या आनंदाने सांगितले होते. पुढे काही वर्षांतच बाईंचा व त्या कंपनीचा संबंध सुटला.

या हकीकतीत मला एक गोष्ट बोधक वाटते. कंपनी भिंतींकडे पाहत होती आणि बाई मुलांकडे. दोघांचीही नजर प्रामाणिक होती. भिंत नसती तर मुले बसली कोठे असती, हेही विसरता येत नाही. पण भिंत मोजता येते. तिला किती रंग लागला, किती पैसे पडले, कंत्राटदाराने किती लबाडी केली, हे इतिवृत्तात लिहिता येते. एखादा चार वर्षांचा मुलगा पाऊण तास एकाच कामात गढून गेला, हे इतिवृत्तात कसे लिहावे? म्हणून मंडळाच्या सभेत भिंतीला दीड तास मिळतो व मुलाला, अध्यक्षांच्या समारोपात, दोन वाक्ये. यात कोणाची दुष्टबुद्धी नाही. ज्याची आपल्याला समज आहे त्यावर आपण बोलतो इतकेच.

दुसरा प्रकार पालकांनीच काढलेल्या शाळांचा. अमेरिकेत या पद्धतीचे जे पुनरुज्जीवन झाले त्याच्या आरंभी कनेटिकट राज्यातील ग्रिनिच येथे १९५८ साली काही पालकांनी नॅन्सी रॅम्बुश यांच्या पुढाकाराने काढलेली व्हिटबी शाळा आहे. तेथून पुढे त्या देशात आईबापांनी एकत्र येऊन, मंडळ नेमून, लहान लहान शाळा चालविण्याची प्रथाच पडली. आपल्याकडे बृहन्महाराष्ट्रातील मंडळांनी चालविलेल्या शिशुवर्गांचीही जात पुष्कळ अंशी हीच. आपल्या मुलांना चांगले मिळावे म्हणून माणसे जमतात, आणि याहून निर्मळ हेतू शोधूनही सापडणार नाही. पण त्या हेतूतच पेच आहे. मंडळाच्या आसनावर बसलेला गृहस्थ विश्वस्त आहे आणि बापही आहे. बापाचा संबंध तीन वर्षांचा, विश्वस्ताचा संबंध अजून ज्यांचे दात यावयाचे आहेत अशा मुलांशीही. बाप विचारतो, “आमची मुलगी सहा महिने नुसते एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात पाणी ओतते आहे, अक्षर कधी काढणार?” त्याचा हा प्रश्न अगदी रास्त आहे, आणि तो शिक्षिकेला भेटीच्या वेळी विचारला तर तिने शांतपणे उत्तर द्यावे. तोच प्रश्न त्याने मंडळाच्या सभेत विषयपत्रिकेवर आणला की पुढल्या महिन्यापासून चाळीस मुलांच्या हातात पाटी येते.

मिश्र वयाचा प्रश्न याहून बिकट. या पद्धतीत तीन, चार व पाच वर्षांची मुले एकाच खोलीत असतात, आणि धाकट्यांना मोठ्यांकडे पाहून शिकता यावे हा त्यातला मुख्य लाभ. हा लाभ आपल्या मुलाने दोन वर्षे घेतला, आता देण्याचे वर्ष आले, तोच मोठ्या शाळेतील जागा जाईल या भीतीने बाप त्याला काढून नेतो. सामान्य पालकाने असे केले तर मी त्याला दोष देणार नाही. प्रवेशाची रांग त्याने लावलेली नाही. परंतु मंडळाच्या सभासदाने असे केले तर त्याने सभासदत्व त्याच दिवशी सोडावे असे मला वाटते. ‘इतरांनी थांबावे’ असे म्हणण्याचा अधिकार त्याने स्वतः गमावलेला असतो.

उदारपणाचेही असेच होते. या शाळांत प्रत्येक साधनाचा एकच संच ठेवण्याची रीत आहे. दहा गुलाबी ठोकळ्यांचा मनोरा खोलीत एकच. एक मूल तो रचीत असेल तर दुसऱ्याने वाट पाहावयाची. समजा, एका सधन सभासदाने हे पाहिले, त्याला कळवळा आला, आणि त्याने आणखी चार मनोरे देऊ केले. शिक्षिका म्हणते, नकोत. वाट पाहणे हाच येथे एक धडा आहे. देणाऱ्याचे मन दुखावते. सभेत ठराव येतो, “सभासदांच्या औदार्याचा साभार स्वीकार करण्यात येत आहे,” आणि चार मनोरे येऊन बसतात. कोणीही अन्याय केला असे म्हणता येणार नाही. तरी त्या खोलीत काय चालावे हे तीन वर्षे शिकून आलेल्या बाईने न ठरविता अर्ध्या तासापुरते डोकावलेल्या दात्याने ठरविले, आणि तेही तिला आभार मानावयास लावून. पगार घेणारा वरिष्ठ हुकूम सोडतो तेव्हा त्याच्याशी निदान वाद घालता येतो. देणगीशी वाद कसा घालावा?

मॉन्टेसरीबाईंच्या शिकवणुकीत शिक्षिकेने प्रथम शिकावयाची गोष्ट म्हणजे पाहणे. मूल कामात रमले असता त्याच्या मदतीलाही जाऊ नये, शाबासकीही देऊ नये, कारण शाबासकीनेसुद्धा त्याची तंद्री मोडते. परिसर असा सिद्ध करावा की मुलाला आपले काम सापडेल, आणि मग बाजूस व्हावे. हा संयम मोठा अवघड आहे, विशेषतः ज्यांना मुलांचा लळा आहे त्यांना. मला असे वाटते की मंडळाचा धर्म याहून फार निराळा नाही. फक्त एक पायरी वरची आहे. शिक्षिका मुलासाठी जे करते ते मंडळाने शिक्षिकेसाठी करावयाचे: छप्पर, पगार, साहित्य, स्थैर्य आणि बाहेरच्या दडपणापासून आडोसा एवढे सिद्ध करून बाजूस व्हावयाचे. ज्या मंडळींचा सारा दिवस हुकूम देण्यात किंवा पाळण्यात जातो त्यांना हे जड जाते.

ताराबाई मोडकांचे उदाहरण येथे आठवते. १९२० साली गिजुभाई बधेकांनी भावनगरला दक्षिणामूर्ती संस्थेत बालमंदिर काढले. गिजुभाई स्वतः मूळचे वकील. ताराबाई पुढे तेथे गेल्या, परप्रांतात राहून दुसऱ्या भाषेतील मुलांत त्यांनी काम केले, आणि १९२६ साली दोघांनी नूतन बालशिक्षण संघ स्थापिला. १९३६ साली दादरला शिशुविहार आणि १९४५ साली बोर्डीला ग्रामबालशिक्षाकेंद्र निघाले. बोर्डीत असे दिसले की गरिबांची मुले शाळेत येत नाहीत. तेव्हा ताराबाईंनी शाळाच मुलांच्या वस्तीत, अंगणात नेली; महाग साधनांऐवजी परिसरात मिळणाऱ्या वस्तू घेतल्या; आणि १९५७ साली काम कोसबाडच्या टेकडीवर आदिवासींत गेले. ही गोष्ट वाचताना मला नेहमी त्यातल्या त्यात सामान्य अशा मंडळाची आठवण होते. ज्याचे मन इमारतीत गुंतले आहे, ज्याने कोनशिलेवर स्वतःचे नाव कोरून घेतले आहे, त्याच्यापुढे एखादी शिक्षिका येऊन म्हणाली की शाळा या इमारतीत नकोच, ती पलीकडच्या झोपड्यांच्या अंगणात नेऊ या, तर काय होईल? ठराव तहकूब होईल. आणि तहकुबीत कधीही कोणाचा दोष नसतो.

बाजूस होणे म्हणजे पाठ फिरविणे नव्हे, हे मात्र सांगितले पाहिजे, कारण हस्तक्षेप न करण्याच्या तत्त्वाआड आळसही सुखाने नांदतो. शिक्षिका पाहते म्हणूनच तिला न बोलण्याचा अधिकार आहे. न पाहणाऱ्याचे मौन हे निव्वळ मौन. वर्षभरात तीन शिक्षिका सोडून गेल्या तर का गेल्या, हे विचारण्यास बालमानसशास्त्राची पदवी लागत नाही. हिशेब सहा महिने का आलेला नाही, मागील दारचा कडीकोयंडा का मोडका आहे, हेही मंडळानेच विचारावयाचे. आणि मुलाच्या अंगाला अपाय झाल्याची शंका आली की तेथे संयम संपला. २०१२ च्या कायद्याने बालकांवरील लैंगिक अत्याचाराची माहिती असणाऱ्या प्रत्येकावर ती पोलिसांना कळविण्याचे बंधन घातले आहे, आणि न कळविणाऱ्या संस्थाप्रमुखाला शिक्षा सांगितली आहे. “संस्थेचे नाव जाईल, आपण आपसात पाहू” असे म्हणणारा मानसेवी सभासद त्या क्षणी मुलाच्या बाजूस राहिलेला नसतो, मग त्याने आयुष्यभर किती का चंदन झिजविले असेना.

आता ज्या गोष्टीवरून मला हा विषय लिहावासा वाटला तिच्याकडे येतो. ती म्हणजे शिक्षिकांचा पगार. लहान शाळेच्या अंदाजपत्रकात याहून मोठी रक्कम नसते, आणि काटकसर करावयाची तर येथेच होते. पगारवाढीचा विषय निघाला की सभेत कोणीतरी हटकून म्हणतो, “आम्ही तरी कोठे काही घेतो? हे सेवेचे काम आहे.” बोलणारा मनापासून बोलत असतो, आणि म्हणूनच हे वाक्य घातक आहे. त्याची सेवा त्याच्या नोकरीच्या पगारावर उभी आहे. महिन्याच्या एक तारखेला त्याच्या घरात सरकारचे किंवा कंपनीचे पैसे येतात, निवृत्तीनंतरची सोय आहे, घरभाडे भत्ता आहे. एवढे सगळे मागे ठेवून तो महिन्यातील चार संध्याकाळी देतो. शिक्षिकेला द्यावयास सांगितले जाते ते तिचे सबंध आयुष्य, आणि तेही मागे काही न ठेवता. दोघांच्या त्यागाला एकच नाव दिले की एकाचे दान दुसऱ्याच्या डोक्यावर कर होऊन बसते. त्यातून ती शिक्षिका बहुधा स्त्री, नवऱ्याच्या बदलीबरोबर गावोगाव हिंडणारी. तिला वेळ घालविण्यास काहीतरी हवेच होते, असा एक अनुच्चारित हिशेब सभेत सर्वांच्या मनात असतो. मग ती सोडून जाते आणि तिच्या जागी सहा आठवड्यांचा कसलासा वर्ग केलेली मुलगी येते. पाटी तीच राहते. ज्यांनी फुकट काम केले त्यांच्या काटकसरीची किंमत कोणी दिली? साडेतीन वर्षांच्या ज्या मुलाने नुकताच त्या पहिल्या बाईंच्या पदराला विश्वासाने हात लावला होता, त्याने.

फी वाढवावी तर गरीब पालक गळतो, न वाढवावी तर शिक्षिका उपाशी राहते, हे मला ठाऊक आहे. या कोंडीतून सुटण्याचा सोपा मार्ग नाही. पण प्रश्न उघड मांडून, “इतकी फी, इतका पगार, इतक्या मोफत जागा, आणि उरलेली तूट आपण सभासदांनी या रीतीने भरावयाची” असे ठरविणारे मंडळ आणि त्यागाच्या भाषणाने विषय संपविणारे मंडळ यांत अंतर आहे. पगार परवडतच नसेल तर शाळा बंद करण्याचा ठरावही मंडळाने करता आला पाहिजे.

अधिकाऱ्याच्या बाबतीत आणखी एक नाजूक भाग आहे. त्याला मंडळावर का घेतात? त्याच्या शहाणपणासाठी, असे त्याला सांगण्यात येते. केंद्र सरकारच्या नोकरांचे १९६४ चे वर्तणूक नियम या बाबतीत बरेच धूर्त आहेत. सामाजिक वा धर्मादाय स्वरूपाचे मानसेवी काम पूर्वपरवानगीवाचून करता येते, मात्र कचेरीच्या कामात त्यामुळे व्यत्यय येता कामा नये. निवडून येण्याच्या पदाला परवानगी लागते. आणि वर्गणी मागण्यास किंवा निधी गोळा करण्यात भाग घेण्यास तर पूर्वपरवानगीवाचून मनाईच आहे. ज्याने हे नियम लिहिले त्याला माणसे चांगली ठाऊक होती. ठेकेदार बालशाळेला पंखे देतो ते मुलांना उकडते म्हणून देतो की साहेब मंडळावर आहेत म्हणून? त्या ठेकेदाराला स्वतःलाही हे कदाचित सांगता येणार नाही. साहेबाची बदली झाल्यावर पंखा नादुरुस्त होतो तेव्हा उत्तर मिळते. त्याच न्यायाने, वरिष्ठाच्या नातवाला यादी डावलून जागा देण्याची विनंती येते तीही शाळेला नव्हे, खुर्चीला आलेली असते. खुर्ची आपली नाही. मग तिच्या जोरावर केलेला उपकार तरी आपला कसा?

आणि बदली तर व्हावयाचीच. कचेरीत कार्यभार देताना आपण किती काटेकोर असतो! यादी, किल्ल्या, शिक्के, प्रलंबित प्रकरणे, दोघांच्या सह्या. मानसेवी पदाचा कार्यभार मात्र निरोपाच्या हारात गुंडाळून जातो. नंतर येणाऱ्याला इतिवृत्ताची वही सापडत नाही. जागेच्या करारनाम्याची मूळ प्रत कोणाच्या तरी ट्रंकेत दुसऱ्या प्रांतात गेलेली असते. शिक्षिकेला तोंडी दिलेले पगारवाढीचे वचन कोणालाच आठवत नाही. पुढल्या वेळी सामान बांधताना एक तास काढून नोंदणीचा दाखला, करारनामा, बँकेच्या सह्यांचे पत्र, नेमणुकीची पत्रे आणि दिलेल्या वचनांची स्वतःच्या हाताने लिहिलेली यादी शाळेच्या कपाटात ठेवावी, आणि किल्ली मुख्य शिक्षिकेच्या हाती देऊन तिची पोच घ्यावी.